कागदाची नस

प्रिय रंजना,

रविवारी तू तुझ्या आईला, म्हणजे आमच्या मावशीला, कायमचं सुरतला न्यायला येणार, हे तिनं अख्ख्या पॅकिंग खात्याला सांगितलंय. मी फोनच केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस. म्हणून लिहितेय. आपलं इंग्लिश मीडियमचं मराठी, सांभाळून घे.

नवापूरच्या या प्लांटमधे मी ट्रेनी आहे. जाहिरातीत 'द्रोण युनिट' होतं, मी 'ड्रोन' वाचलं आणि नंदुरबारहून पळत आले! बनतात इथे कागदाच्या वाट्या. पण रंजना, बघायला ये एकदा. कागदाचा रोल माझ्या खांद्याएवढा. त्यातून पंख्याच्या आकाराचे तुकडे कापतात. मशीन एकेक तुकडा उचलतं, गोल गुंडाळतं आणि जोडून टाकतं. डिंक वगैरे काही नाही. कागदाच्या आतून प्लास्टिकचा थर असतो, नखालाही लागणार नाही इतका पातळ, तो गरम हवेनं वितळतो आणि चिकटतो. मग तळ बसतो आणि शेवटी काठ बाहेरच्या बाजूला स्वतःभोवतीच वळतो. मिनिटाला सत्तर वाट्या. तो काठ नसेल तर वाटी हातात धरली की चपटी. मी रोज बघते आणि रोज माझं तोंड उघडंच राहतं.

मागच्या मंगळवारी सगळे काठ फुटायला लागले. जी वाटी यायची तिच्या काठाला चीर. ऑपरेटर दोधूभाऊंनी हीटर बघितला, साचा बघितला, घाम पुसला आणि जाहीर केलं, "रोलच खराब शे, परत धाडी द्या." मालक फोन लावायलाच निघाले होते. मावशी तेव्हा फुटक्या वाट्या गोणीत भरत होती. तिनं न कापलेला एक कागद उचलला आणि उभा फाडला. सरळ फाटला. मग आडवा फाडला, तर वेडावाकडा, दातेरी. तीस वर्षं पळसाच्या पत्रावळी टाचलेले हात ते. माझ्याजवळ आली आणि मलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "पोरी, यालापण नस असते. ती तळाकडून काठाकडे जायला पाहिजे. तुम्ही आडवी घेतली."

तुम्ही म्हणजे मी, रंजना! कागद कमी वाया जावा म्हणून मीच कॉम्प्युटरवर तुकडे आडवे बसवले होते आणि दोन दिवस कॉलर ताठ करून फिरत होते. कॉलेजात मी हे सगळं वाचलंय, परीक्षेत लिहिलंयसुद्धा. पण तिच्यासारखं हातात धरून बघायचं मला सुचलं नाही. मी मालकांना जाऊन सगळं खरं सांगितलं. तुकडे परत उभे लावले. पहिली वाटी आली, काठ अखंड. दोधूभाऊंनी ती वाटी मावशीच्या हातात दिली आणि चक्क हात जोडले. तिला इतकं लाजायला झालं की ती गोणीमागे जाऊन बसली.

आता खरी गोष्ट. मालकांनी तिला मशीनवर यायला सांगितलंय, सोमवारपासून, दोधूभाऊंच्या हाताखाली. ती म्हणाली, रविवारी रंजना न्यायला येतेय, तिनं माझ्यासाठी खोली रंगवलीय. एवढंच बोलली आणि वाट्या एकात एक घालायला लागली. तुला ती नाही म्हणणार नाही, कारण तू प्रेमानं बोलावतेस. पण काल डबा खाताना तिनं मला विचारलं, सुरतला असं मशीन कुठे असतं का गं, लांबून नुसतं बघायला मिळालं तरी चालेल. म्हणून हे पत्र. रविवारी ये, पण घरी जायच्या आधी प्लांटवर ये. तिची शिफ्ट रविवारीही दोनपर्यंत असते. दारातच उभी राहा, हाक मारू नकोस, तिचं काम बघ. मग तिला न्यायचं की नाही ते तू ठरव.

तुझीच, आणि आता थोडी तुझ्या आईचीही,
रोहिणी