चौदा दुपटी परत आली

४ मार्च, बुधवार
आज चौदावी ऑर्डर. तीन आठवड्यांत मी शिवलेली चौदा दुपटी, तीही आगाऊ पैसे देऊन. बालवाडीच्या दिशा मॅडमनी माझी शिक्षिकेची जागा ३१ मार्चपर्यंत धरून ठेवली आहे. येत नाही म्हणून आजच कळवणार होते, पण इतक्या आनंदात कुणाला दुखवू नये. उद्या.

७ मार्च, शनिवार
सावेडीच्या कुरिअर ऑफिसातून आसारामभाऊंचा फोन. तीन पार्सलं परत आली. खेड्यात कुरिअर घरपोच जात नाही. तालुक्याच्या काउंटरवर सात दिवस थांबतं, कुणी नेलं नाही तर परत. नियम केला : न उचललेल्या पार्सलचे पैसे परत मिळणार नाहीत. धंद्यात भीड नको. सुनीलला वाचून दाखवला. नवरा म्हणून त्यानं मान डोलावली आणि पेपर उघडला.

८ मार्च, रविवार
राहुरीकडच्या खेड्यातल्या रंगुबाई मावशीला नियम सांगायला फोन केला. मी बोलायच्या आत तिनं माझ्या गुडघ्याची चौकशी केली. अडुसष्टाव्या वर्षी ती काउंटरपर्यंत कशी जाणार? साडेसहाशे परत पाठवले. हा एकच अपवाद.
संध्याकाळी. मावशीनं मुलाकरवी पैसे पुन्हा माझ्याच खात्यात टाकले. राहू दे गं, म्हणाली. गिऱ्हाईक रिफंडच घेत नसेल तर काय, याचा नियम नाही. करायला हवा.

१३ मार्च, शुक्रवार
आता नऊ परत. शेवगावकडच्या भारतीवहिनी म्हणतात, धाकट्याची दहावीची परीक्षा चालू आहे. सुनीलचे साहेब आप्पासाहेब गावाकडचा पत्ता देऊन बसलेत आणि स्वतःच्या रिटायरमेंटच्या गडबडीत आहेत. सगळ्यांना अपवाद म्हणून पैसे पाठवले. सगळ्यांनी ते परत केले. एवढा विश्वास मोठमोठ्या ब्रँडवरही कुणी टाकत नसेल.
दोष पार्सलच्या पिशवीच्या रंगाचा असणार. पुढच्या वेळी पिवळी.

२० मार्च, शुक्रवार
तेरा. आणायला गेले. आसारामभाऊंनी गठ्ठा स्कूटरवर बांधून दिला. दोरी आवळता आवळता म्हणाले, "ताई, राग नका धरू. ही तान्ह्या लेकरांची दुपटी ना? मग ह्यातल्या एका तरी घरात पाळणा हाय का?"
म्हटलं, मार्केट सर्व्हे अजून झालेला नाही.
सायं. ६. यादी काढली. पाळणा नाही. एकाही घरात नाही. सहा जण माहेरचे, चार सासरचे, तीन सुनीलच्या ऑफिसचे. सुनीलला विचारलं, तू सांगितलंस का सगळ्यांना? बराच वेळ चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "तू दिवसभर मोबाईल बघत बसायचीस. मला बघवेना."
पोळ्या करपल्या.

२१ मार्च, शनिवार
चौदावी ऑर्डर मात्र खरी. भंडारदऱ्याकडे, राजूरची अश्विनी. मोबाईलवरच्या माझ्या पेजवरून आली. ती माझी कुणी नाही, मी तिची कुणी नाही. धंदा एका खऱ्या गिऱ्हाइकावरही उभा राहतो. शाळेला घाईनं काही कळवणार नाही.

२७ मार्च, शुक्रवार
अश्विनीचा फोन. काउंटर तालुक्याला, म्हणजे अकोले गावी, हिचे दिवस भरलेले. एसटीनं एवढ्या लांब जाणार नाही म्हणाली. दुपटं तिच्या आईनं शिवलंसुद्धा. पैसे परत हवेत. मी नियम सांगितला.
"पार्सल अकोल्याहून आणावं लागंल, हे तुमी पैसे घेताना सांगितलं हुतं का?"
सांगितलं नव्हतं. पैसे पाठवले. दोन तास खातं बघत बसले. परत आले नाहीत.
खरं गिऱ्हाईक असं असतं.

३१ मार्च, मंगळवार
दुपटं नंबर चौदा काल आलं. येते म्हणून दिशा मॅडमना फोन केला. जूनपासून या म्हणाल्या, कशाला उशीर केलात असं विचारलंही नाही. मग म्हणाल्या, बालवाडीतली मुलं दुपारी नुसत्या सतरंजीवर झोपतात, तुमच्याकडे दुपटी शिल्लक असतील ना? म्हटलं, चौदा आहेत. किमतीचं बोलायला तोंड उघडलं, तोवर त्यांचं थँक यू म्हणून झालं होतं.
एकगठ्ठा चौदा. घाऊक व्यवहारात नफा लगेच दिसत नाही. चार वर्षांच्या मुलांचे पाय बाहेर राहतील, पण उन्हाळा आहे.
उद्या मीच स्कूटरवरून पोचवणार आहे. कुरिअरनं पाठवायची हिंमत नाही.