कपाटामागची भिंत

३ मे
भाडेकरू गेले. चार वर्षं राहिले, किल्ली देताना मागच्या खोलीबद्दल चकार शब्द नाही. आत जाऊन बघते तर भिंतीला खाली गुडघाभर लोणा, मिठाचा पांढरा थर. बोट लावलं की गिलावा पिठासारखा हातात. श्रीरामपूरचं हे घर माझ्या हट्टाने घेतलेलं. हे तेव्हा म्हणाले होते, "त्यापरीस शेताला ठिबक करू." शाळेचा निम्मा पगार हप्त्यात जातो. जूनपासून भाडं सुरू झालंच पाहिजे.

६ मे
डॅनियल पेंटर भिंतीवर टिचक्या मारत फिरला, डॉक्टर पाठीवर मारतात तशा. "बाई, कंबरंपर्यंत गिलावा काढावा लागंल. नवा करायचा त्यो नळाच्या पान्यात. बोअरचं न्हाई चालायचं, लई खारट हाय. मंग तीन आठवडं सुकू द्या, तवा रंग." आकडा ऐकून घाम फुटला. रंगाचे धरले होते, गिलाव्याचे नाही. मी हो म्हणाले. नाही म्हणून करते काय?

११ मे
कॅनॉलचं पाणी लांबलं, नळ चौथ्या दिवशी. गवंडी नुसता बसून, मजुरीचा रोज मात्र चालू. आज रूपाली म्हणून एक नर्स घर बघून गेल्या. नेवाशाहून बदली, नवरा तिकडेच, बरोबर पाच वर्षांची ओवी. एक जूनला यायचंय, रंग झालेला हवा. त्या जाताच डॅनियलला म्हटलं, बोअरचंच घ्या.
"बाई, मागनं मला बोलू नका."
"नाही बोलणार. माझ्या जबाबदारीवर."

१७ मे
रंग झाला. फिकट पिवळा. चार दिवसांत सुकलं की! उगाच घाबरवतात ही माणसं. रूपालीबाईंनी अनामत दिली. "तुम्ही शाळेतल्या मॅडम, म्हणून मी जास्त बघत बसले नाही," म्हणाल्या. तेव्हा बरं वाटलं.

२४ मे
फुटला. पिवळ्या रंगावर पांढरं पीठ, जागोजागी फोड. ओल्या फडक्याने पुसलं, वाळल्यावर पुन्हा तेच. घरी बेलापूरला आले तर ह्यांनी विचारलं, झालं का सगळं? "डॅनियलने घाई केली," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. जेवण गेलं नाही.

२६ मे
आमचं जुनं लोखंडी कपाट टेम्पोत घालून नेलं, त्या भिंतीला लावलं. सगळं झाकलं गेलं. रूपालीबाईंना फोन करून सांगितलं, मागच्या खोलीत कपाट ठेवलंय, वापरा. केवढ्या खूश झाल्या. मग म्हणाल्या, "पण ते पुढच्या खोलीत घेईन मी. मागे त्या भिंतीला ओवीची कॉट लावायचीय. तिला धाप लागते ना, रस्त्याची धूळ नको."
मी म्हणाले, बरं. बरं काय, कपाळ माझं!

२८ मे
खोटं बोलणाऱ्या पोरांना वर्गात उभं करते मी. आणि स्वतः...
रूपालीबाईंना फोन केला. बोअरचं पाणी, लोणा, कपाट, सगळं सांगितलं. गिलावा परत काढायचा, नीट सुकायला तीन आठवडे तरी. अनामत हवी तर लगेच परत. मग, "ह्यांना विचारून कळवते मॅडम." आवाज कोरडा.
घरी ह्यांनाही सांगितलं, पाण्याचं मीच ठरवलं होतं, डॅनियलने नाही.
"म्हाईत हाय. त्याला झापायला फोन केल्ता मी परवा. समदं ऐकून घेतलं, पन तुझ्यावर ढकललं न्हाई त्यानं काई. त्यो घाई करनारा मानूस न्हवं, तवाच कळलं."
दोन दिवस हा माणूस सगळं ठाऊक असून माझ्यासमोर जेवत होता. रडू आलं.

३० मे
रूपालीबाईंचा फोन नाही. सकाळी नळ आला. दोन पिंपं, हंडे, कळशा, रंगाचे रिकामे डबेसुद्धा घासून भरले. ह्यांनी नि डॅनियलने मिळून कपाट सरकवलं. मी डॅनियलची माफी मागितली, मान वर करून बघता येईना. "पानी झाकून ठिवा बाई, माती पडंल," एवढंच म्हणाला आणि छिन्नी लावली. पिवळे टवके खाली. एका बैठकीत कंबरेपर्यंत विटा उघड्या.
मोबाईल खिडकीत ठेवलाय. ठोकण्याच्या आवाजात ऐकू यायचा नाही म्हणून सारखी जाऊन बघते. अनामत पाकिटात घालून पर्समध्ये, पाकिटावर त्यांचं नाव. फोन आला तर आधी काय बोलायचं, तेच मनात चाललंय. ओवी कशी आहे, हेच विचारेन बहुतेक.