कॅचरच्या कार्डावरची कोरी जागा

सर, गेल्या रविवारी सकाळी पूजा आटोपल्यावर देव्हाऱ्यातला पाट उचलला आणि त्याच्याखाली पस्तीस वर्षं दडवलेलं तुमचं एक कार्ड बाहेर काढलं. देवांना परत जागेवर बसवताना लाज वाटली. रोज त्यांच्यापुढे दिवा लावत आलो आणि चोरीची वस्तू त्यांच्याच खाली ठेवली.

शाळेच्या मैदानात चिखल झाला की आपला बेसबॉल बंद पडायचा, म्हणून तुम्ही जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर आम्हा प्रत्येकाचं कार्ड केलं होतं. दोन फासे टाकायचे, पडलेला आकडा कार्डावर शोधायचा. कोण बाद, कोण पळाला ते ठरायचं. अख्खा सामना वर्गात बसून. मी कॅचर. बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, टाकलेला प्रत्येक चेंडू झेलणारा, आणि कुणी चोरून पुढच्या बेसकडे पळाला तर चेंडू फेकून त्याला बाद करणारा. बाकीच्यांची कार्डं आकड्यांनी भरलेली, माझ्यावर मात्र बारा पडले तरच एक फटका, आणि खाली सगळं कोरं. पोरं खिदळली, "आरं, सरांनी तुझ्यापायी एक पत्रिका वाया घालवली!" मी तुमच्या टेबलापाशी येतो. "सर, माझ्या कार्डावर कायच न्हाई." तुम्ही पेन्सिलीला टोक काढताय. मान वर न करता म्हणता, "तुझं तुझ्या कार्डावर मावत न्हाई." मला ती थट्टा वाटली. त्याच संध्याकाळी कार्ड खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, तेव्हा म्हणालो, "उंदरानं नेलं आसंल, सर." "उंदराला बी कॅचरच घावला व्हय?" सगळे हसले, तुम्हीही. त्या खेळाला मी पुन्हा कधी बसलो नाही, आणि पुढच्या वर्षी कॅचरची जागाही सोडली.

आता माझी धाकटी नववीत आहे, शिरूरला शाळेत. ती तिथं कॅचर झाली. तिच्या सरांनी शिबिराचा फॉर्म दिला, पालकांच्या सहीसाठी. आठ दिवस तो फ्रीजवर पडून होता. "दुसरी कुठलीबी जागा घे," मी म्हणत राहिलो, "तिथं गुडघे जात्यात आन् नाव कुणी घेत न्हाई." ती वाद घालत नाही, नुसती फॉर्मकडे बघते. मोबाइलवर ती बेसबॉलचा एक खेळ खेळते, आपल्यासारखाच, फक्त फासे मोबाइल टाकतो. शनिवारी बघितलं तर तिनं संघात एक नवाच कॅचर घेतला होता. मी म्हणालो, "ह्याला का घेतलास? फटके तर कायच न्हाईत ह्याचे." ती म्हणाली, "बाबा, ह्याचं ह्याच्या नावावर दिसतच न्हाई. ह्याला बसवला की माझे पिचर सुधारतात, आन् समोरचे पळायला भितात. मी सगळा सीझन ह्याच्यासकट खेळून बघितला, मग ह्याच्याशिवाय. लई फरक पडतो." मला पेन्सिलीला टोक काढणारे तुमचे हात दिसले.

म्हणून रविवारी तिला गाडीवर मागे बसवून भीमा ओलांडली आणि दौंडला तुमच्या घरी गेलो. तुम्ही गेल्यापासून काकू एकट्याच असतात; त्यांनी माळ्यावरून कार्डांचा डबा काढून दिला. "दोनदा भंगारात घालाया काढला," त्या म्हणाल्या, "पण आत फासं वाजलं की हात माघारी यायचा." लेकीनं कार्डं फरशीवर मांडली. मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यांची कार्डं नीट वाचली, सर. प्रत्येक पिचरच्या कार्डावर दोन रकाने होते. डावीकडे तुमच्या अक्षरात 'तो असताना', उजवीकडे 'तो नसताना'. डावीकडचे आकडे कितीतरी चांगले. समोरच्या संघातल्या सगळ्यात चपळ गड्याच्या कार्डावर लिहिलेलं, 'तो मागे बसला असेल तर पळू नये.' उजवा रकाना पोरांची बोटं लागून पुसट झालाय. डावा तसाच स्वच्छ आहे, कारण 'तो' मी पळवला होता. लेक म्हणाली, "बाबा, हा तो कोण?" मी खिशातून कार्ड काढून तिच्या हातात दिलं. ती उलटसुलट बघून म्हणाली, "म्हंजी तुम्हीच? आन् मला नको म्हणत होता!" काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मग आम्ही तिथंच फरशीवर एक सामना खेळलो, डाव्या रकान्यानं. फासे लेकीनं टाकले. समोरचा चपळ गडी शेवटपर्यंत पहिल्या बेसवरच उभा राहिला.

हे पत्र कुठं टाकायचं, ते मला माहीत नाही. डबा काकूंनी लेकीला दिलाय, त्यातच कार्डांखाली ठेवतो. उंदीर नव्हता, सर, मी होतो. कार्ड परत जागेवर ठेवलंय, आणि त्या दिवशी तुमच्या घरून निघायच्या आधी, सोबत नेलेला फॉर्म डब्याच्या झाकणावर ठेवून सही केली.