फाटक्या आवाजाचा डबा

२ फेब्रुवारी, सोमवार
लेकीच्या बँडची स्पर्धा एकवीस तारखेला. तिला फझ पेडल हवाय. फझ म्हणजे गिटारचा धडधाकट आवाज मुद्दाम फाडायचा. जमिनीवर एक डबी ठेवायची, पाय दिला की आवाज फाटतो. जेवायला साडू होता. तो इंजिनिअर आहे आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये राहतो. यातलं काहीच तो आपल्याला विसरू देत नाही. माझ्याच टेबलावर बसून, माझ्याच डोक्यावरून लेकीला म्हणाला, माझा पेडल नुसता पडलाय, घेऊन जा. मी म्हटलं, कशाला? मी घरी बनवतो. हिने वाढता वाढता डाव खाली ठेवला. घरच्यांना अजून माझा अंदाज आलेला नाही.

एकूण दोन ट्रान्झिस्टर लागतात. दोन! मी ऑफिसात अख्खा तक्रार विभाग सांभाळतो. शिवाय दारावरची बेल मीच दुरुस्त केली होती. तेव्हापासून ती वाजत नाही, पण पाहुण्यांनी दार ठोठावणं मला जास्त सभ्य वाटतं.

लेकीला बजावलं, स्पर्धेत पायाखाली बापाचाच पेडल पाहिजे. ती म्हणाली, बघू. म्हणजे हो.

४ फेब्रुवारी
सामान आणलं. दुकानदाराने विचारलं, ट्रान्झिस्टर एनपीएन देऊ की पीएनपी? म्हटलं, दोन्ही मिसळून द्या. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. जाणकार गिऱ्हाईक त्याला रोज कुठून मिळणार?

संकल्प : डायनिंग टेबलावर सोल्डरिंग करायचं नाही.

५ फेब्रुवारी
टेबलक्लॉथला भोक. त्यावर मिठाची बरणी ठेवली. मग साखरेची. ही म्हणाली, आता घरातल्या बरण्या संपल्या.

७ फेब्रुवारी, शनिवार
पहिला जोड अप्रतिम जमला. मोत्यासारखा. उलट्या बाजूला जमला, पण हात बसला हे महत्त्वाचं.

दुपारी लेकीचा छोटा ॲम्प उघडून बघितला. गिटारचा आवाज त्यातूनच बाहेर येतो, तेव्हा शेजारधर्म म्हणून ओळख करून घेतली. आत काळा कागदी शंकू असतो. स्क्रूड्रायव्हर सटकून त्याला जरा चीर गेली. कागदच तो. वीज काही कागदातून जात नाही. पुन्हा बंद करून ठेवला. कुणाला सांगण्यासारखं काही नाही.

९ फेब्रुवारी
पहिली चाचणी. गिटारऐवजी रेडिओ लागला. आमच्या घरात रेडिओ नाही. एक बाई हवामान सांगत होती, घसा पार बसलेला. उद्या आकाश निरभ्र. लेक हसून हसून जमिनीवर बसली. मी म्हटलं, विकतच्या पेडलात ही सोय मिळेल का? ही म्हणाली, उद्या निरभ्र असेल तर गाद्या वाळत घालते.

१० फेब्रुवारी
गाद्या भिजल्या. याचा दोष पेडलवर आला. या घरात शास्त्राला किंमत नाही.

१३ फेब्रुवारी
साडूचा फोन. अर्थिंग कुठे दिलंय म्हणून विचारलं. म्हटलं, योग्य ठिकाणी. फोन ठेवून शोधलं. कुठेच दिलं नव्हतं. म्हणजे चुकीच्या ठिकाणी तर दिलं नव्हतं! रविवारी येऊन बघतो म्हणाला. त्याला बघू दिलं की पेडल त्याचा झालाच. सांगून टाकलं, रविवारी आम्ही बाहेरगावी चाललोय.

१५ फेब्रुवारी, रविवार
बाहेरगावी. म्हणजे घरामागच्या बागेत. साडूच्या खिडकीतून आमचं दार दिसतं, त्यामुळे बॅगा घेऊन निघावं लागलं. दिवसभर बाकावर बसलो. ही माझ्याशी बोलत नाही. संध्याकाळी बागेत साडू फिरायला आला. विचारलं, प्रवास कसा झाला? म्हटलं, गर्दी होती.

१७ फेब्रुवारी
जमलं! जमलं! जमलं!

ज्या वायरी का लावल्या हे मला सांगता येईना, त्या सगळ्या काढून टाकल्या. जवळजवळ सगळ्याच निघाल्या. हवामानवाली बाई गेली. स्विच दाबला की लाल दिवा मात्र ऐटीत लागतो. लेकीने तार छेडली आणि काय तो आवाज! जाड, खरखरीत, फाटका. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, मिक्सर जळला का म्हणून विचारायला. याहून मोठी दाद नको. आणखी गंमत म्हणजे पेडल बंद केला तरी फझ चालूच राहतो. इतका ताकदीचा झालाय.

लेकीने ॲम्पला कान लावला. मग माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, बाबा, छान झालाय. आणि माझ्यासमोर साडूला फोन करून सांगितलं, काका, तुमचा नको, बाबांनी केलाय. आयुष्यात आणखी काय लागतं?

१९ फेब्रुवारी
पेडलला घर म्हणून हिचा स्टीलचा डबा वापरला. भोकं पाडली. ही सकाळपासून डबा शोधतेय. मीही शोधू लागतो.

लेक म्हणते, स्पर्धेला घरचाच ॲम्प न्यायचा. म्हटलं, अगं, तिथे मोठाले असतात. म्हणाली, नको, तुमच्या पेडलला याचीच सवय आहे. पोरगी बारकाईने विचार करते. माझ्यावर गेलीये.

२१ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ
डब्यावर रंगाचा शेवटचा हात. खिडकीत वाळत ठेवलाय. पत्रकारांनी विचारलं तर काय सांगायचं ते आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं.

त्याच दिवशी, घरी आल्यावर
हॉलवर पोचल्यावर कळलं, डबा खिडकीतच राहिला. साडू पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी, पिशवीत त्याचा पेडल. मी लेकीला ओरडून सांगितलं, काकाचा घेऊ नकोस, मी आलोच! ती काहीतरी सांगत होती, थांबलो नाही. धावलो. डबा घेऊन धावलो. अंगठ्याला ओला रंग.

परत आलो तेव्हा कॉरिडॉरमधूनच ऐकू आला. तोच आवाज. जाड, खरखरीत, फाटका. अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता. साडूचाच पेडल, दुसरं काय? आत गेलो तर साडू तसाच बसलेला, पिशवी मांडीवर, गाठसुद्धा सुटलेली नाही. आणि स्टेजवर गिटारची वायर सरळ ॲम्पमध्ये.

डबा माझ्या काखेत होता. दिवा लागलेला.

साडू उठून शेजारी आला. डब्याकडे बघितलं, ॲम्पकडे बघितलं. हळूच म्हणाला, स्पीकर फाटलाय हो. मग पिशवीची गाठ आणखी आवळली आणि टाळ्या वाजवू लागला. हे त्याने केलेलं पहिलं उपकाराचं काम.

उत्तम आवाजाचं बक्षीस. परीक्षकांनी विचारलं, पेडल कोणता? लेक माईकवर म्हणाली, बाबांनी घरी बनवलाय.

घरी येताना विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, तुम्ही चीर पाडलीत त्याच संध्याकाळी.

२३ फेब्रुवारी, सोमवार
स्पीकरला कुणी हात लावायचा नाही, लेकीची सक्त ताकीद. साडू चिकटवून देतो म्हणाला, त्यालाही नाही.

हिला डबा सापडला. घासला आणि त्यातच मला ऑफिससाठी जेवण दिलं. भोकांतून भाजीचा रस्सा तक्रारींच्या फायलीवर सांडला. दिवा अजून लागतो.