खिडकीची कडी

प्रिय पुडी,

अकरा दिवस झाले, तू आमचा जिना चढला नाहीस. टेबलावर साठ काचेचे पेले पालथे पडलेत, मेणाची पोती कोपऱ्यात तशीच आहेत आणि ही स्वयंपाकघरात जाते ती फक्त स्वयंपाकापुरती. संगीत शाळेच्या बाईंनी संत्र्याच्या वासाच्या मेणबत्त्यांच्या मागणीसाठी आणखी आठ दिवस दिलेत. पण ही म्हणते, "भाऊजी नाहीत, माझ्या हातात धीर नाही. जमणार नाही म्हणून कळवून टाकते." एवढं वाचून पत्र बाजूला ठेवू नकोस. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो, हे तुला चौथीपासून माहीत आहे.

चौथीचा तो वर्ग हल्ली फार आठवतो. खडूची भुकटी कागदात बांधून तू सगळ्यांना 'औषध' वाटायचास, म्हणून तू पुडी. पुढे जन्मभर औषधांच्या दुकानात पुड्याच बांधल्यास. मी मात्र कवितावेडा. पाठांतराच्या स्पर्धेत नदीवरची ती लांबलचक कविता म्हणताना तिसऱ्या कडव्यावर माझी दातखीळ बसली, तेव्हा पहिल्या बाकावरून तू ओळ पुरवलीस. मास्तरांनी विचारलं, "कोण कुजबुजलं?" तू उभा राहिलास आणि म्हणालास, "मी माझ्याशीच म्हणत होतो, सर." छडी तुला आणि बक्षीस मला. ते पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर नाव माझंच आहे.

सहासष्टाव्या वर्षी हिला मेणबत्त्यांचा धंदा सुचला तेव्हा मी हसलो होतो. पहिल्या मेणबत्तीची वात जळण्याऐवजी मेणातच बुडाली, तेव्हा तर मी तिच्यावर चार ओळी रचून म्हणून दाखवल्या. ही म्हणाली, "कविता पुरे. मेण किती गरम हवं ते सांगा." मला कुठलं माहीत? छापखान्यात चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर खुणा करण्यात गेली. मग हिने तुला बोलावलं. तू तुझा लांब थर्मामीटर रुमालात गुंडाळून आलास आणि त्या दिवसापासून माझ्या घरात मीच पाहुणा झालो.

रोज दुपारी तुम्ही दोघं ओट्यापाशी. "भाऊजी, साठ झाले?" "थांबा वहिनी, अजून दोन अंश." तू ड्रॉपरने सुगंधी तेलाचे थेंब मोजायचास आणि ही श्वास रोखून बघायची. पुडी, एकेकाळी माझी ओळ पुरी होईपर्यंत ही असाच श्वास रोखायची रे. तुझी मेणाची धार कधी थरथरली नाही. माझ्या हातून साधी बशी नेतानाही चहा सांडतो. मी प्रत्येक वासासाठी दोन-दोन ओळींची लेबलं लिहिली, सुबक अक्षरात. ही म्हणाली, "अहो, एवढं कोण वाचतं? चिठ्ठी केवढी, पेला केवढा!" आणि तू आपला शांतपणे म्हणालास, "वहिनी, नुसतं 'संत्रं' लिहा." ही खळखळून हसली. 'संत्रं' या शब्दात हसण्यासारखं काय आहे, ते मी शब्दकोशात बघितलं. काही नाही.

माझ्या पोटात दुखत होतं. या वयात असं दुखणं शोभत नाही, म्हणून कोणाला सांगताही येईना. तू औषधवाला, पण तुझ्याकडे तरी कसं मागायचं?

त्या दिवशी साठही पेले भरून झाले. ओळीने मांडलेले, वाती मधोमध धरायला आडव्या लाकडी काड्या लावलेल्या. तू मला बजावलंस, "खिडकी उघडू नकोस हं. मेण हळूहळू निवायला हवं, गार वारा लागला तर तडकतं." मग तुम्ही दोघं खोकी आणायला बाहेर पडलात. जिन्यावरून हिचं हसू ऐकू आलं. ते विरल्यावर थोड्या वेळाने मी उठलो, खिडकीची कडी काढली आणि दोन्ही दारं सताड उघडली. बाहेर बोचरी थंडी होती. चुकून नाही, विसरून नाही, उकडत होतं म्हणूनही नाही. मला फक्त एकदा तुझं काहीतरी चुकलेलं बघायचं होतं.

तासाभराने कडी पुन्हा लावली. तुम्ही परतलात तेव्हा एकूणएक मेणबत्तीला भेग गेली होती, मधला भाग खचला होता. ही मटकन खाली बसली. म्हणाली, "भाऊजी, तुमचं माप चुकलं का हो?" तू क्षणभर माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "थर्मामीटर जुना झालाय, वहिनी. चूक माझीच." तो रुमालात गुंडाळलास आणि गेलास. मी वातींवरच्या काड्या गोळा करायला घेतल्या.

तुला ठाऊक होतं, पुडी. खिडकी उघडली तेव्हा तू खाली रस्त्यावर होतास, पिशवी विसरली म्हणून परत फिरलेला. आपली नजरानजर झाली होती. तरी वर न येता तू तसाच वळलास. मेणबत्त्यांवरून, हिच्या हसण्यावरून मी तुझ्यावर जळलो खरा, पण तुझ्या त्या गप्प बसण्यावर जितका जळतोय तितका कशावरच नाही. साठ वर्षांनी पुन्हा छडी तूच खाल्लीस आणि या वेळी मला बक्षीससुद्धा नको होतं.

हे पत्र टपालाने पाठवत नाही. हिच्याच हाती देतो आणि पाकीट मुद्दाम उघडं ठेवतो. सांगणार आहे, "आधी तू वाच, मग त्याला दे." तोंडाने सांगायला गेलो तर तिसऱ्या कडव्यावर अडकेन, आणि या वेळी ओळ पुरवायला तू बाकावर नाहीस. ही तुझं दार कसं वाजवते त्यावरून माझं काय व्हायचंय ते तुला कळेलच. पण तिच्याबरोबर परत ये, थर्मामीटर घेऊन. आठ दिवस आहेत. चिठ्ठ्यांवर मी नुसतं 'संत्रं' लिहून ठेवलंय, साठ वेळा. आणि तुम्ही काम करत असाल तेव्हा मी खिडकीपाशी नाही, दाराबाहेर जिन्यावर बसेन.

तुझाच,
छडी चुकवलेला