सिंह बूट होईना

सोमवार, ७ जून
आजपासून रोजनिशी. रोज लिहायची. (शुद्धलेखन गेलं खड्ड्यात.)
बारावीत दुसऱ्यांदा आपटलो. बाबा म्हणाले, पुरे झालं, मामाच्या प्लायवूडच्या गोडाऊनमध्ये जा आणि फळ्या मोज. मी म्हटलं, जमणार नाही, मी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम बनवतोय. बाबांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, बनवू दे, पण आधी अंघोळ कर.
कॉम्प्युटर रिपेअरवाल्या काकांकडे गेलो. त्यांना दुकानातल्या दुसऱ्या टेबलावर माणूस हवाय. त्यांनाही सिस्टिमचं सांगितलं. ते म्हणाले, बाता नकोत, मागच्या खोलीत ४८६ नावाचा जुना कॉम्प्युटर पडलाय, तुझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. शनिवारी दुपारी त्याच्यावर तुझी सिस्टिम चालव, टेबल तुझं.
म्हणजे शनिवारी टेबल, नाहीतर रविवारी फळ्या. सोपं काम आहे.
सिस्टिमचं नाव सिंह. नाव मी दिलं. कोड खडू लिहितो. खडू माझा मित्र, रंगाने आणि तब्येतीने खडूच. डोकं माझं, हात त्याचे. कोड त्याचा, हे काकांजवळ बोललो नाही. विषयच निघाला नाही.

मंगळवार, ८ जून
खडूच्या लॅपटॉपमध्ये एक खोटा जुना कॉम्प्युटर चालतो. त्यात सिंह रोज झोपेतून उठतो. खऱ्या ४८६ला मात्र फ्लॉपी लागते आणि लॅपटॉपला फ्लॉपीची फटच नसते. काउंटरवरच्या पीसीला आहे. तिथे बसायला खडू लाजतो, गिऱ्हाईक दिसलं की घाम फुटतो त्याला. म्हणून त्याने कोड पेनड्राइव्हवर दिला आणि फ्लॉपी लिहायचं खातं माझ्याकडे.
पहिल्या फ्लॉपीला बुरशी. दुसरी शर्टाने पुसली. ड्राइव्ह आधी घशात काहीतरी अडकल्यासारखा घरघरला. मग स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत एक ओळ आली: सिंह उठला.
खडूच्या डोळ्यांत पाणी. धूळ फार आहे इथे, म्हणाला. धूळ होती खरी, माझ्याही डोळ्यात गेली.
काका नेमके बाहेर गेले होते. असू दे. शनिवारी बघतील.

बुधवार, ९ जून, दुपार
एक ओळ म्हणजे काय? सिंह उठतो तर डरकाळी नको? खडू म्हणाला होता, चालतंय तर हात लावू नकोस. खडूला मार्केटिंग कळत नाही.
काउंटरवरच्या पीसीवर कोड उघडला आणि स्वागत वाढवलं. आठ ओळी माझ्याबद्दल. एकदम दमदार. नववी ओळ: खडू हा माझा हमाल. शनिवारी काकांसमोर ही ओळ आली की खडूचं तोंड बघण्यासारखं होणार. फिरकी घेतल्याशिवाय मैत्रीला चव नाही.
कॉम्प्युटर एका ओळीवरून कुरकुर करत होता. त्या ओळीत ५१० की काय असा आकडा होता. गणिताने मला आधीच दोनदा दगा दिलाय. ओळच काढून टाकली. कुरकुर बंद. याला म्हणतात मॅनेजमेंट.

बुधवार, संध्याकाळ
सिंह उठेना. मशीन म्हणतं, सिस्टिमवाली डिस्क घाला. घातलीये ना, डोळे फुटले का? काल उठला, आज नाही. मशीनसुद्धा दगाबाज निघालं.

गुरुवार, १० जून
खडूने विचारलं, तू कुठे हात लावलास का? नाही म्हणालो. फिरकी आधीच सांगितली तर तिची फिरकी राहते का?
लॅपटॉपवर उठतोय, म्हणजे मशीनमध्येच खोट, असं खडूचं मत. त्याने केबल बदलली. मग दुसऱ्या मेलेल्या पीसीतला ड्राइव्ह काढून लावला. दर वेळी मी काउंटरवरच्या पीसीतून फ्लॉपी नव्याने लिहून दिली. माझ्याकडून कष्टात कमी नाही.
उद्या नक्की.

शुक्रवार, ११ जून
मदरबोर्डवरची बॅटरी बदलताना तापलेल्या सोल्डरिंग गनने खडूचं बोट भाजलं. तरी उठेना. शेवटी मला बोलावं लागलं. म्हटलं, तुझा कोडच कच्चा. माझ्या अख्ख्या भविष्याचा प्रश्न आणि तू केसाने गळा कापलास. त्याने बोट तोंडात धरलं होतं, त्यामुळे काय म्हणाला ते कळलं नाही. लॅपटॉप उचलून घरी गेला.
ऐन लढाईत पळाला. बालवाडीपासूनचा मित्र. लिहून ठेवतो, पुढे विसरायला नको.
हरकत नाही. काकांच्या खणात जुन्या डॉसची, म्हणजे कंपनीच्या तयार सिस्टिमची, फ्लॉपी सापडली. ती लावली की सुरुवातीला माझ्या नावाची पाटी दिसेल आणि खाली सिंह असं लिहिलेलं येईल, इतकं मला जमतं. आत कोण बसलंय हे कोण बघतंय?

शनिवार, १२ जून
काका आले. बाबाही आले, त्यांना मी बोलावलं नव्हतं. पाटी झकास दिसली. बाबांनी चष्मा पुसून दोनदा वाचली. म्हणाले, हे तू केलंस? आवाज वेगळाच होता त्यांचा. असा आवाज माझ्यासाठी त्यांनी कधी काढला नव्हता.
मी हो म्हणालो.
मग काकांनी दोन बोटांनी तीन अक्षरं टाइप केली, व्ही, ई, आर, आणि एंटर मारलं. स्क्रीनवर भलत्याच कंपनीचं नाव आलं, शेजारी साल.
काका म्हणाले, वा, जन्माच्या आधीच बनवलीस की.
बाबांनी चष्मा खिशात ठेवला. घरी येताना रस्ताभर माझ्या चार पावलं पुढे चालत होते. एकदा वाटलं थांबतील, पण ते चप्पल नीट करत होते.
काकांनी असं करायला नको होतं. पाहुण्यांसमोर कोणी तीन अक्षरं टाइप करतं का?

रविवार, १३ जून
आईने मामाला फोन लावला. मी शेजारीच होतो. ती म्हणाली, पोरगा मेहनती आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, होईल.
ट्रेन मंगळवारची.

सोमवार, १४ जून
माझा स्क्रू-ड्रायव्हर आणायला दुकानात गेलो. मागच्या खोलीत खडू. लाजाळू खडू काउंटरवर बसून स्वतः फ्लॉपी लिहून आला होता. ४८६वर ओळ: सिंह उठला. काका त्याच्यामागे हाताची घडी घालून उभे. पोरा, इतके दिवस कुठे लपला होतास, म्हणत होते.
खडूने मला काउंटरवर नेलं. माझी फाइल उघडली. म्हणाला, फ्लॉपीच्या सुरुवातीच्या तुकड्यात फक्त पाचशे बारा अक्षरांची जागा असते आणि अगदी शेवटच्या दोन जागांत एक शिक्का लागतो. शिक्का दिसला नाही की मशीन फ्लॉपीला ओळखच देत नाही. तुझ्या स्वागताने शिक्का ढकलून बाहेर टाकला. ती ५१०ची ओळ काढलीस ना, तिने तुला थांबवलं असतं.
हे सगळं अगदी हळू सांगत होता, मास्तर ढ मुलाला सांगतात तसं. मग खाली सरकत नवव्या ओळीवर आला. वाचली. बोटाला पट्टी होती, ती नीट केली.
मी शिवीची वाट बघत होतो. एक शिवी दिली असती तर मीही दिली असती, मग वडा खायला गेलो असतो. त्याने फाइल बंद केली आणि म्हणाला, स्क्रू-ड्रायव्हर खणात आहे.
दुसरं टेबल त्याला मिळालं. माझा इतका घात कोणीच केला नव्हता.

शनिवार, १९ जून
गोडाऊन. आठ बाय चारच्या फळ्या. अंगात कुसळं. मामा म्हणतो, मोजताना बोलू नकोस. बोलायला आहेच कोण?
दुपारी ठरवलं, खडूला फोन करून सगळं ऐकवायचं. मुद्दे पाठ केले. विश्वास, मैत्री, पाठीत वार. तो उचलणारच नाही याची खात्री होती, म्हणजे शेवटचा मुद्दा आयताच मिळाला असता.
पहिल्याच रिंगला उचलला. मागे तो म्हातारा ड्राइव्ह घरघरत होता. म्हणाला, जेवलास का?
मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.
तेवढ्यात मामाने हाक मारली, म्हणून फोन ठेवला. एकही मुद्दा बोलून झाला नाही. वर फळ्यांचा आकडा चुकला, पहिल्यापासून मोजतोय.