कुणाचं आंबवण

पूर्व आघाडी, ऑक्टोबर १९४१

प्रिय आई,

तुझा लोरेंट्स धडधाकट आहे, हे आधी वाच, मग बाकीचं.

आपल्या सैन्यात प्रत्येक कामाला वेगळी तुकडी आहे. खाटीक वेगळे, चांभार वेगळे, घोड्यांचे डॉक्टर वेगळे. मी पाववाल्यांच्या तुकडीत, म्हणजे बाबांच्या भट्टीवर असल्यासारखाच. ऊबही मिळते. तुझा गुडघा कसा आहे?

पाव फुगवायला घरून आणलेलं आंबवण वाटेतच मेलं. तेव्हा इथल्या गावातल्या रिव्का नावाच्या ज्यू म्हातारीनं तिचं दिलं. वर मलाच सुनावलं, "पांढरं पीठ घालून याला लाडावू नकोस, पोरा." पाव असा फुगतो की बाबांनीही मान डोलावली असती.

गेल्या आठवड्यात ते गाव रिकामं केलं. पाद्रीबुवा काहीबाही ऐकून येतात, असं तू लिहिलंस. त्यांना सांग, आम्ही त्यातले नाही. ते काम करणारे दुसरे, त्यांच्या कॉलरवरची खूणही वेगळी. आमच्या लोकांनी फक्त रस्ता अडवला होता. त्या दिवशी त्या दुसऱ्यांनाही पाव आमच्याच भट्टीतून गेला, पण पाव काय, सगळ्यांनाच द्यावा लागतो.

आंबवण ज्यानं दिलं त्याच्याच नावानं ते ओळखायचं, ही आपली रीत तुला ठाऊकच आहे. काल आमच्यातल्या एकानं पाव हुंगत विचारलं, "झकास आहे. कुणाचं रे आंबवण?"

मी म्हटलं, "माझ्या आईचं."

कधी कुणी विचारलं, तर हो म्हण.

तुझाच,
लोरेंट्स